अंतःकरणाचे नीतिमत्त्व

मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाच ते सात हे तीन अध्याय ख्रिस्ती आचारधर्माचा गाभा मानले जातात. गालील प्रांतातल्या एका डोंगरावर बसून येशूने शिष्यांना आणि भोवती जमलेल्या लोकांना जो उपदेश केला, तो या अध्यायांत एकत्र आला आहे. मराठी ख्रिस्ती समाज त्याला 'डोंगरावरील प्रवचन' म्हणतो. या प्रवचनात येशू एक विलक्षण अट घालतो. देवाच्या राज्यात यायचे असेल तर शास्त्री आणि परूशी यांच्याहून सरस नीतिमत्त्व हवे, असे तो सांगतो. ऐकणारे चक्रावले असणार. कारण परूशी हे त्या काळच्या यहुदी समाजातले सर्वांत काटेकोर धर्मनिष्ठ लोक होते. त्यांच्या पुढे जायचे म्हणजे आणखी किती नियम पाळायचे?

परूशांचा काटेकोरपणा खरा होता. मोशेच्या नियमशास्त्रातील आज्ञांची संख्या पुढे रब्बींनी ६१३ अशी मोजली. त्यांतली एकही चुकून मोडू नये म्हणून प्रत्येकीभोवती आणखी बारीक नियमांचे कुंपण घातले गेले. उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाला द्यायचा हा नियम शेतीच्या पिकासाठी होता. परूशी तो परसातल्या पुदिना, शेपू आणि जिऱ्यालाही लावत. येशूने या दशमांशाला हरकत घेतलेली नाही. जिऱ्याचा हिस्सा मोजणाऱ्यांनी न्याय, दया आणि विश्वासूपणा मात्र बाजूला ठेवला, हा त्याचा आरोप होता. हा आरोप ज्या भाषणात येतो, त्याच भाषणात बाहेरून घासलेल्या पण आतून बरबटलेल्या प्याल्याची आणि चुना फासलेल्या कबरींची उदाहरणे येतात.

इथे परूशांवर अन्याय होऊ नये. ते सगळे दांभिक नव्हते आणि अंतःकरणाचा विचार येशूने शून्यातून आणलेला नाही. अनुवादाच्या पुस्तकात देवावर संपूर्ण हृदयाने प्रेम करण्याची आज्ञा आहे आणि धार्मिक यहुदी माणूस ती रोज सकाळ-संध्याकाळ म्हणतो. लेवीयाच्या पुस्तकात भावाचा मनातल्या मनात द्वेष करू नये असे स्पष्ट सांगितले आहे. येशू त्याच परंपरेत वाढला होता. त्याने केले ते असे, की या विखुरलेल्या आज्ञा मध्यभागी आणल्या आणि बाकीच्या सगळ्या आज्ञा त्यांच्या उजेडात वाचल्या.

ते कसे, हे प्रवचनाच्या पाचव्या अध्यायात दिसते. खून करू नये ही जुनी आज्ञा. येशू मनातल्या रागाला आणि तोंडातून निघालेल्या अपमानाच्या शब्दालाही त्याच न्यायासनापुढे उभे करतो. व्यभिचार करू नये ही आज्ञा. तो वासनेने टाकलेल्या नजरेपाशीच थांबवतो. शपथ मोडू नये ही आज्ञा. तो म्हणतो, शपथेची गरजच पडू नये, माणसाचा 'हो' आणि 'नाही' पुरेसा असावा. डोळ्याच्या बदल्यात डोळा हा दंडाला मर्यादा घालणारा न्याय होता. येशू सूडाचा हक्कच सोडायला सांगतो. आणि शेवटी शत्रूवर प्रेम. या उदाहरणांमधले सर्वांत बोलके आहे ते वेदीपुढच्या माणसाचे. अर्पण घेऊन तो यरुशलेमच्या मंदिरात आला आहे आणि तिथे त्याला आठवते, की आपल्यावर एका भावाचा रुसवा आहे. येशू सांगतो, अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग परत ये. हे ऐकणारे गालीलचे लोक होते. गालीलहून यरुशलेम शंभर किलोमीटरहून अधिक दूर. पायी काही दिवसांचा रस्ता. म्हणजे मंदिरापर्यंत पोहोचलेल्या माणसाने मागे फिरायचे, घरी जाऊन भावाची समजूत काढायची आणि पुन्हा तो सगळा रस्ता तुडवायचा.

या उदाहरणातून एक लोकप्रिय गैरसमज दूर होतो. 'मन साफ असले की झाले, बाकी आचार कसाही असो', असा अंतःकरणाच्या धर्माचा अर्थ पुष्कळदा लावला जातो. ख्रिस्ती शिकवण नेमकी याच्या उलट आहे. अंतःकरणाकडे वळल्याने सवलत मिळत नाही, मागणी वाढते. खून न करणे बहुतेकांना जमते; ज्याच्याशी वैर आहे त्याच्याविषयी मनात विष न ठेवणे फार थोड्यांना. शिवाय मनात घडलेला बदल पायांना चालायला लावतो. वेदीपुढच्या माणसाने मनातल्या मनात भावाला क्षमा करून अर्पण वाहिले, असे येशूने सांगितलेले नाही.

सहावा अध्याय दुष्कृत्यांकडून सत्कृत्यांकडे वळतो. दान, प्रार्थना आणि उपवास ही यहुदी धर्मजीवनाची तीन मोठी अंगे; येशू तिन्ही टिकवतो, पण त्यांसमोरचे प्रेक्षक काढून घेतो. दान देताना गाजावाजा नको. प्रार्थना चव्हाट्यावर नको, खोलीचे दार लावून करावी. उपवासाच्या दिवशी चेहरा ओढलेला न ठेवता तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून बाहेर पडावे. वाईट कृत्यामागचा वाईट हेतू सहज ओळखता येतो. चांगल्या कृत्यामागे लपलेला मानाचा लोभ करणाऱ्यालाही दिसत नाही आणि म्हणून तो अधिक धोक्याचा, असा या अध्यायाचा रोख आहे. मत्तयाच्याच पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे चित्र आहे. तिथे नीतिमान ठरलेले लोक आश्चर्याने विचारतात, की आम्ही तुला केव्हा जेवू घातले, केव्हा पाणी दिले? त्यांनी भुकेल्याला जेवू घातले होते, पण त्याचा हिशेब ठेवलेला नव्हता.

मार्काच्या सातव्या अध्यायात हाच प्रश्न शुद्धाशुद्धतेच्या अंगाने येतो. हात विधिपूर्वक न धुता जेवणाऱ्या शिष्यांवर आक्षेप घेतला जातो तेव्हा येशू सांगतो, की बाहेरून पोटात जाणारे काही माणसाला विटाळत नाही. अंतःकरणातून बाहेर येते ते विटाळते. चोरी, खून, लोभ, कपट, हेवा, गर्व यांची यादीच तो देतो. त्याआधी तो 'कुर्बान' या प्रथेचे उदाहरण घेतो. एखादा मुलगा आपली संपत्ती देवाला अर्पण म्हणून जाहीर करी आणि मग म्हाताऱ्या आईबापांना पोसण्याच्या जबाबदारीतून मोकळा होई. नियमाने तो निर्दोष होता. धर्माचा आधार घेऊन धर्म टाळता येतो, हे याहून स्पष्ट सांगता येणार नाही. सोवळ्याओवळ्याचा मोठा इतिहास असलेल्या मराठी मुलखात मार्काचा हा अध्याय कोणालाही परका वाटू नये.

पण मनातला राग, वासना आणि मानाची हाव ही काही हुकुमाने जात नाहीत. अंतःकरण बदलायचे कसे? ख्रिस्ती धर्माचे उत्तर असे, की माणूस ते एकट्याच्या बळावर बदलू शकत नाही. यिर्मया संदेष्ट्याने नव्या कराराची आशा व्यक्त केली होती, ज्यात नियमशास्त्र दगडी पाट्यांऐवजी लोकांच्या हृदयावर लिहिले जाईल. यहेज्केल संदेष्टा तर देव पाषाणाचे हृदय काढून मांसाचे हृदय देईल, असे म्हणतो. ही वचने येशूमध्ये पूर्ण झाली, असा ख्रिस्ती विश्वास आहे. पौल स्वतः परूशी होता, नियमांत कुठेही कमी न पडलेला. रोमकरांस पाठवलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो चांगले करण्याची इच्छा असूनही वाईटच हातून घडते, अशी तक्रार मांडतो. त्याच्या मते बदल घडतो तो कृपेने, पवित्र आत्म्याच्या कार्याने. म्हणूनच गलतीकरांस लिहिताना प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता या गुणांना तो माणसाची कमाई न म्हणता आत्म्याचे फळ म्हणतो.

कृपा महत्त्वाची की कृती, यावरून पुढे चर्चमध्ये मोठा वाद झाला. मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये विटेनबर्गमध्ये पापाच्या शिक्षेतून पैशांनी मिळणाऱ्या सुटकेविरुद्ध प्रबंध मांडले आणि माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो, ही भूमिका घेतली. कॅथलिक चर्चने १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेत आपली बाजू नक्की केली: आरंभ कृपेचाच, पण कृपेने माणूस आतून खरोखर बदलतो आणि त्या बदलात त्याचा सहभाग असतो. हा वाद साडेचारशे वर्षे चालला. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लुथरन महासंघ यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि मूळ मुद्द्यावर एकमत असल्याचे मान्य केले. सामान्य वाचकाला यातून एवढे उचलता येईल, की सत्कृत्ये करून देवाची मर्जी विकत घेता येते असे दोन्ही बाजू मानत नाहीत आणि सत्कृत्यांवाचून विश्वास जिवंत राहतो असेही मानत नाहीत. याकोबाच्या पत्रात उघड्या-उपाशी भावाला नुसते 'सुखी राहा' म्हणून वाटेला लावणाऱ्याचे उदाहरण आहे. ते वाचल्यावर दुसऱ्या मुद्द्यावर शंका उरत नाही.

अंतःकरणाकडे लक्ष ठेवण्याच्या रीतीही चर्चने घडवल्या. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस नावाच्या तपस्व्याने साधकाला छळणाऱ्या आठ विचारांची मांडणी केली. खादाडपणा, राग, खिन्नता, पोकळ मानाची हाव वगैरे. पापाची सुरुवात कृतीत नसून मनात रेंगाळू दिलेल्या विचारात असते, असा त्याचा अनुभव होता. पुढे पोप ग्रेगरी यांच्या हातून या यादीचे सात महापापांत रूपांतर झाले. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी येशूसंघीयांना दररोज स्वतःचे मन तपासण्याची शिस्त लावली. कॅथलिक पापनिवेदनातही याच तपासणीपासून सुरुवात होते. मात्र धर्मगुरूपुढे पाप कबूल करून काम संपत नाही. चोरलेले परत करणे, बदनामी केली असेल तर ती भरून काढणे, ही पश्चात्तापाची खूण मानली जाते. लूकाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःहून जक्कय या जकातदाराच्या घरी उतरतो आणि जक्कय लोकांकडून लुबाडलेले चौपट परत करण्याचे जाहीर करतो. त्याचे हृदय बदलले हे त्याच्या हिशेबवहीवरून कळते.

मराठी मुलखात ही शिकवण आली ती दोन वाटांनी, आणि पहिली वाट स्वच्छ नव्हती. मूळच्या इंग्लंडच्या आणि १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या येशूसंघीयाने मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले; १६१६ मध्ये ते रायतूर येथे छापले गेले. लोकांच्या अंतःकरणाला त्यांच्याच भाषेतून, त्यांच्या परिचयाच्या पुराणाच्या घाटातून साद घालावी, ही त्यामागची दृष्टी होती. पण त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायालय बसले होते. मध्ये काही वर्षांचा खंड सोडता ते १८१२ पर्यंत चालले. नवख्रिस्ती लोकांनी धोतर नेसू नये, दारात तुळस लावू नये, अशा गोष्टींवर त्याची नजर असे. १७३६ च्या फर्मानात तर अशा निषिद्ध चालीरीतींची लांबलचक जंत्री आहे. वेषावरून आणि अंगणातल्या रोपावरून श्रद्धेची परीक्षा करणारे हे न्यायालय डोंगरावरील प्रवचनाच्या थेट विरोधात उभे होते. धाकाने बदलतो तो पोशाख. अंतःकरणाला धाक पोहोचत नाही, हे चर्चच्याच धर्मग्रंथाचे म्हणणे होते.

दुसरी वाट माणसांच्या स्वतःच्या शोधाची. तिच्यावरचे सर्वांत मोठे नाव पंडिता रमाबाईंचे. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर तीर्थयात्रांत आणि पुराणे सांगण्यात गेले. व्रते, उपवास, दाने, पूजा यांत या कुटुंबाने काहीही उणे ठेवले नाही. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील दोघेही गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' हा मान दिला. वैधव्यानंतर १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजच्या धर्मभगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातील आपले एक घर दाखवले. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तिथे मायेने सेवा चालत असे. हे कशापोटी, असे रमाबाईंनी विचारले तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या, लोकांच्या दृष्टीने बदनाम अशा त्या स्त्रीशी येशू आदराने बोलतो आणि खरी उपासना या डोंगरावर की त्या मंदिरात हा वादच मागे टाकतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे आणि तो कमी सांगितला जातो. चर्चने सांगितले म्हणून निमूटपणे मानायचे, हे रमाबाईंना पटले नाही. इंग्लंडमधल्या धर्मभगिनींशी त्यांचे सिद्धान्तांवरून कडाक्याचे वाद झाले. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले: आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडलेला नव्हता. बुद्धीला पटलेला धर्म आणि हृदयात रुजलेला विश्वास यांतले अंतर त्यांनी स्वतःवर ताडून पाहिले होते. एकदा एका कर्मकांडातून बाहेर पडलेली ही स्त्री दुसऱ्या धर्माच्या बाह्य चौकटीवर समाधान मानायला तयार नव्हती. हा प्रामाणिकपणा त्यांच्या विद्वत्तेहून मोठा म्हणावा लागेल.

त्यांच्या कामातही त्याची कसोटी लागली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी उघडलेले शारदा सदन हे निवासी विद्यालय पुढे पुण्यात आले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे वचन त्यांनी दिले होते. पण त्या आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून पुण्यात गहजब झाला. समाजसुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. विश्वासाने दिलेल्या मुलींबाबत पालकांची काळजी समजण्यासारखी होती. आपली श्रद्धा दडवून वागणे म्हणजे खोटेपणा, ही रमाबाईंची बाजूही दुर्लक्ष करण्यासारखी नाही. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणि स्त्रिया आणल्या. केडगाव येथे 'मुक्ती' उभे राहिले: शेती, विणकाम, छापखाना, अंध मुलींचे शिक्षण आणि फुलहॅमच्या घराची आठवण देणारे 'कृपासदन'. अखेरच्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले, कमी शिकलेल्या बाईलाही समजावे म्हणून. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. मुक्तीच्या छापखान्यात छापलेले ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

याच वाटेवरचे दुसरे नाव कवी नारायण वामन टिळक यांचे. ते १० फेब्रुवारी १८९५ रोजी ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. वारकरी संतांनी अंतःशुद्धीवर दिलेला भर त्यांना नव्या श्रद्धेत पूर्ण होताना दिसला. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे येशूचे अनुयायी त्यात एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला, तोही नवऱ्याच्या मागोमाग नव्हे. त्यांचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना दिसते ते असे, की सोवळे आणि जातीचा विटाळ यांचा विचार त्यांनी स्वतःच्या मनाशी केला, ते ओझे आधी मनातून उतरले आणि मग ताटातून.

गुजरात-महाराष्ट्राच्या सीमेवरील सिल्वासाला या इतिहासाची एक कडी जोडलेली आहे. पेशव्यांबरोबरच्या १७७९ च्या तहानुसार १७८३ मध्ये नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली आणि १७८५ मध्ये दादरा. म्हणजे गोव्यातल्या इन्क्विझिशनचा कडकपणा ओसरत असताना हा मुलूख त्यांच्या हाती आला. वारली, कोकणा, धोडिया या आदिवासींची वस्ती असलेल्या इथल्या गावांत, सिल्वासाजवळच्या वासोण्यापासून आत खानवेलपर्यंत, ख्रिस्ती धर्म कधीच बहुसंख्यांचा झाला नाही. २०११ च्या जनगणनेत दादरा-नगर हवेलीच्या ३,४३,७०९ लोकसंख्येत ख्रिस्ती सुमारे दीड टक्काच आहेत. १८८५ मध्ये सिल्वासा हे मुख्य ठाणे झाले आणि शतकाच्या अखेरीला 'अवर लेडी ऑफ पायटी' हे चर्च उभे राहिले. मरण पावलेल्या येशूला मांडीवर घेतलेल्या मरियेचे हे नाव आहे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले आणि पोर्तुगीज सत्ता गेली. त्यानंतर इथे ख्रिस्ती असण्यामागे सरकारी आशीर्वाद उरला नाही. उरली ती लोकांची स्वतःची श्रद्धा, आणि डोंगरावरील प्रवचनाच्या कसोटीने पाहता धर्माला याहून निकोप स्थिती नाही.

सिल्वासाचे हे चर्च आज गोवा-दमण महाधर्मप्रांतात येते. इतर कॅथलिक चर्चप्रमाणे इथेही ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाची सुरुवात राखेच्या बुधवारी होते. त्या दिवशी जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये भाविकांना राख लावली जाते आणि त्याच उपासनेत मत्तयाचा सहावा अध्याय वाचला जातो: दान गुप्त असावे, प्रार्थना बंद दाराआड व्हावी, उपवास चेहऱ्यावर दिसू नये. राखेची खूण उघड आणि वाचन गुप्ततेचे, हा विरोध चर्चने जाणून ठेवला आहे. पुढचे चाळीस दिवस भाविकाने खाण्यापिण्यातला संयम, गरजूंना मदत आणि पापनिवेदन यांत घालवायचे असतात. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याच्याकडे ईस्टरपूर्वी जाऊन समेट करावा, असा उपदेश या काळात धर्मगुरू करतात.